२०० लिटरचा सोलर हीटर आणि ३ किलोवॅटची पॅनेल: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

आमच्या सांगलीच्या घरावर नळ्यांचा २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर बरीच वर्षं आहे. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या शेजारी पॅनेल बसली. ५५० वॉटची सहा, म्हणजे ३.३ किलोवॅट, पीएम सूर्यघर योजनेतून. खर्च पावणेदोन लाखांच्या पुढे गेला, ७८ हजारांचं अनुदान नंतर खात्यात जमा झालं. मोजमापं घ्यायला आलेल्या बसवणाऱ्याचा पहिला सल्ला होता, "हीटर काढून टाका की साहेब, जागा मोकळी होतीय. आता वीज घरचीच हाय, गिझर लावा निवांत." हा सल्ला सध्या गल्लोगल्ली दिला जातोय आणि लोक ऐकतायत. मी ऐकला नाही. दोन्ही शेजारीशेजारी वापरून झाल्यावर ठामपणे सांगतो, चालू हीटर काढू नका.

हिशेब करून बघा. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ७ युनिट लागतात. माझी सहा पॅनेल चांगल्या दिवशी १४-१५ युनिट देतात. म्हणजे टाकीभर गरम पाण्यापायी त्यातली तीन पॅनेल खर्ची पडली असती. पॅनेल अंगावर पडलेल्या उन्हातला २०-२२ टक्के भाग विजेत बदलतं, बाकीच्या बहुतेक उन्हाने ते नुसतं तापतं. हीटरला तर उष्णताच हवी असते, त्यामुळे तो निम्म्याच्या आसपास ऊन थेट पाण्यात उतरवतो, आणि तेही पॅनेलपेक्षा कितीतरी कमी जागेत. शिर्डीच्या साई प्रसादालयात २००९ पासून गच्चीवरच्या ७३ परावर्तक डिशमधून वाफ तयार करून भात-डाळ शिजवायची सोय आहे, तिचं तत्त्वही हेच. उष्णता हवी असेल तर मधे वीज कशाला आणायची?

हीटरची नळी एकदा हातात घेऊन बघाच. आत-बाहेर दोन काचा, मधे निर्वात पोकळी, अगदी थर्मासची रचना. आतल्या काचेवर काळसर लेप असतो. नळीतलं पाणी तापलं की हलकं होऊन वर टाकीत जातं, थंड पाणी खाली येतं. पंप नाही, वीज नाही. नळीच्या बुडाशी चांदीसारखा चकचकीत भाग दिसतो, तोच तिची तब्येत सांगतो. पोकळीत हवा शिरली की ती चांदी जाऊन बूड दुधासारखं पांढरं पडतं. पावसाळ्याआधी आमच्या एका नळीचं बूड असंच पांढरं दिसलं. हात लावला तर बाहेरची काच चांगलीच गरम, बाकीच्यांच्या काचा मात्र भर उन्हातसुद्धा कोमट. पाणी गरम येत नाही म्हणून मेकॅनिकला बोलवायच्या आधी एवढं बघून घ्या. एक नळी बदलून काम भागतं, अख्खा हीटर बदलायची गरज नसते.

हीटरचा खरा शत्रू बोअरचं पाणी. क्षार नळ्यांच्या आत थर धरून बसतात. आम्ही टाकीला महापालिकेच्या पाण्याची वेगळी लाइन दिलीय आणि वर्षातून एकदा नळ्या काढून गाळ धुतो. दुसरा शत्रू म्हणजे उघडा पाइप. गच्चीवरून न्हाणीघरापर्यंतच्या पाइपला आवरण नसेल तर सकाळी आधी बादलीभर थंड पाणीच येतं.

आता पॅनेलकडे वळतो. जितकं ऊन कडक तितकी वीज जास्त, असा सगळ्यांचा समज असतो. पॅनेलला उजेड हवा असतो, ताप नको. कारखान्यात त्याची क्षमता मोजतात ती २५ अंश तापमान धरून. त्याच्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट. मे महिन्यात पॅनेल ६० अंशांच्या पुढे तापतं, म्हणजे १२-१३ टक्के तिथेच गेले. आमच्याकडे सर्वांत जास्त वीज फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळाली, स्वच्छ दिवशी १६ युनिटपर्यंत. मेमध्ये १३-१४. शिवाय सांगलीत मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला असतो आणि पॅनेल दक्षिणेकडे कललेली. हा दोष नव्हे, वर्षभराचा विचार करता कल दक्षिणेलाच हवा.

सावलीबाबत मात्र कुणाचंही ऐकू नका, स्वतः बघा. बसवणाऱ्याने आखलेल्या जागेत डिसेंबरच्या सकाळी जिन्यावरच्या पाण्याच्या टाकीची सावली कडेच्या पॅनेलवर पडत होती. "एवढ्याशा सावलीनं काय होतंय," असं उत्तर मिळालं. पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेली असतात, त्यामुळे एक अडलं की ओळीतल्या सगळ्यांच्या वाटेत ते येतं. पॅनेलमधले डायोड तो भाग वगळून वाट काढतात, पण झाकलेला भाग हातचा जातोच. अ‍ॅपवर सावली असेतो आकडा दबलेला दिसायचा आणि ती सरकताच उडी मारायचा. शेवटी पॅनेलचा सांगाडा हलवून घेतला तेव्हा कुठे सकाळ सुधारली.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट म्हणजे उसाची राख. हंगामात फड पेटवले की संध्याकाळी काळी काजळी उडत येते आणि सकाळी दवाने पॅनेलवर चिकटून बसते. नुसत्या धुळीपेक्षा ही वाईट, वाऱ्याने निघत नाही. भल्या पहाटे मऊ वायपरने धुवायची. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, आणि बोअरचं पाणी तर नकोच, पांढरे डाग राहतात.

पावसाळ्यात दोघांचीही परीक्षा होते. जुलैत पॅनेलनी ६ ते ८ युनिट दिले, अगदी अंधारलेल्या दिवशी ३. हीटरचं पाणी कोमटच राहिलं, रोज सकाळी गिझर लावावा लागला. त्या दिवसांत पॅनेल उपयोगी पडतात, कारण एप्रिल-मेचे उरलेले युनिट नेट मीटरच्या, म्हणजे वीज कंपनीला दिलेली आणि तिच्याकडून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या, खात्यात शिल्लक असतात आणि ते पावसाळ्यात वळते होतात. पण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्या दिवशी हिशेब मिटतो. उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्याहून बराच कमी. म्हणजे सर्वाधिक वीज देणाऱ्या फेब्रुवारी-मार्चची शिल्लक पावसाळ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून गरजेपेक्षा मोठा प्रकल्प घेण्यात अर्थ नाही. गरम पाणी हीटरवर असेल तर ३ किलोवॅटमध्ये आमच्यासारखं पाच माणसांचं घर आरामात भागतं. बिल शून्य होतं असं कुणी सांगितलं तर स्थिर आकाराचं काय ते विचारा, तो दर महिन्याला भरावाच लागतो.

दोन्हींसाठी एकदम पैसे नसतील तर आधी हीटर घ्या. २५-३० हजारांत काम होतं.

वीज गेल्यावर पॅनेलही बंद पडतात, यावरून आमच्या गल्लीत बऱ्याच जणांची निराशा झालीय. लाइनवर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनच्या अंगात आपल्या गच्चीवरची वीज शिरू नये म्हणून पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. हे असंच असायला हवं. बॅटरीला जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर बॅटरीसह घेतला तर दिवे चालू राहतात, पण खर्च बराच वाढतो. आम्ही जुना बॅटरीचा इन्व्हर्टर तसाच ठेवलाय, दोन पंखे आणि दिव्यांपुरता.