डिस्चार्जनंतरची गोळ्यांची पिशवी: कशाला किती गुण

दारू सोडल्यावर पहिल्या आठवड्यात हात थरथरतात, घाम फुटतो, हे घरच्यांना ठाऊक असतं. पाच-सात दिवसांत ते ओसरतं आणि माणूस घरी येतो. खरी कटकट तिथून पुढे. रात्री २ वाजता डोळे टक्क उघडे, भाजीत मीठ कमी म्हणून ताट ढकललं जातं, कशातच चव नाही, दोनदा सांगितलेला निरोप तिसऱ्यांदा विचारावा लागतो. दारूची सवय झालेला मेंदू सावकाशच जाग्यावर येतो, त्यामुळे हे आठवडे नि महिने चालतं. झोपेला तर कधी सहा महिन्यांहून जास्त लागतात. या काळात सोलापूरकरांच्या घरी मेडिकलमधून जे जे येतं, त्याचा हा हिशेब.

थायमिन, म्हणजे बी१. पैकीच्या पैकी गुण. पिशवीतली सर्वांत स्वस्त गोळी हीच, आणि पहिली बंद होते तीही हीच, कारण ‘साधं व्हिटॅमिन तर आहे’. साधारण डोस रोज १०० मिलिग्रॅम असतो. चिठ्ठीवरची गोळी नाही म्हणून दुकानदार बी-कॉम्प्लेक्स देतो, तेव्हा पट्टी उलटी करून वाचा: बऱ्याच कॅप्सूलमध्ये थायमिन जेमतेम ५-१० मिलिग्रॅम निघतं. दारूमुळे आतडं ते नीट शोषत नाही आणि कमतरता लांबली तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. तोल जातोय, एकाचे दोन दिसतायत, बोलण्यात भ्रम आहे, तर गोळीच्या भरवशावर न राहता त्याच दिवशी सिव्हिल गाठा. तिथे इंजेक्शन लागतं.

अकाम्प्रोसेट. दारू सुटलेली टिकवायला चांगलं औषध, पण वेळापत्रक जाचक. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा, दिवसाला सहा. चुकते ती दुपारची. पॉवरलूमच्या पाळीवर असणाऱ्याने दोन गोळ्या पट्टीसकट कापून डब्याच्या पिशवीत टाकल्या की प्रश्न मिटतो. सुरुवातीला जुलाब होतात, म्हणून बरेच जण तिथेच सोडतात. डॉक्टरांना सांगून थोडं थांबलं तर बहुधा कमी होतात. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासलेलं हवं, कारण हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं.

नाल्ट्रेक्सोन, म्हणजे तलफ कमी करणारं औषध, त्या मानाने सुटसुटीत: ५० मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसातून एकदा. लिव्हरची तपासणी आधी. अडचण अफूच्या जातीच्या वेदनाशामकांची. कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल चालू असेल आणि ते लपवलं, तर त्या औषधाचा विड्रॉवल, म्हणजे सवयीचं औषध तुटल्यावर होणारा त्रास, एका झटक्यात अंगावर येतो.

डायसल्फिरमला सरसकट गुण देता येत नाहीत. माणूस स्वतः तयार आहे आणि घरातलं कोणी रोज हातावर गोळी ठेवतंय, तर उत्तम. चहातून गुपचूप द्यायची असेल तर शून्य, कारण त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. शिवाय दारू फक्त बाटलीत नसते. द्राक्षासव, दशमूलारिष्ट ही आसवं-अरिष्टं, होमिओपॅथीचे काही थेंब, काही खोकल्याची औषधं, सगळ्यांत अल्कोहोल असतं. घरातलं औषधांचं कपाट आधी रिकामं करा.

‘न सांगता दारू सोडवा’ म्हणणारी पुडी? आत काय आहे ते छापलेलंच नसतं. मग पुढे बोलायचं काय!

झोपेची गोळी हा या पिशवीतला सर्वांत गोड सापळा. अल्प्राझोलामसारखी गोळी मेंदूत दारूच्याच वाटेने काम करते, म्हणून पहिल्या रात्री गाढ झोप लागते आणि महिनाभरात तिची सवय जडते. दवाखान्यातल्या पहिल्या दिवसांत अशा गोळ्या लागतात, ते वेगळं. त्या डॉक्टर कमी करत आणतात. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा घेतली तर सगळं मुसळ केरात. पाळी कुठलीही असो, उठण्याची वेळ एक ठेवणं आणि दुपारनंतर चहा बंद, हे फुकटचे उपाय जास्त टिकतात. दारू प्यायल्याची स्वप्नं पडतात. घाबरू नका, बऱ्याच जणांना पडतात.

ओआरएस आपल्याकडे वेगळ्या कारणाने लागतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की घाम, धडधड, डोकेदुखी ही उन्हाची लक्षणं हुबेहूब विड्रॉवलसारखी वाटतात आणि माणूस हबकतो. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, लहान २०० मिलिलिटरमध्ये. ग्लासभर पाण्यात मोठी पुडी ओतणं ही नेहमीची चूक. खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा.

मेडिकलमध्ये न मिळणारी एक वस्तू मात्र यादीत हवीच. तलफ बहुधा संध्याकाळी ७ च्या सुमारास, रिकाम्या पोटी जोर धरते. साडेसहालाच कडक भाकरी दह्यात चुरून, वर शेंगाचटणी, असं पोटभर खाल्लं तर निम्मा जोर तिथेच मोडतो. उरलेली तलफ १५ ते ३० मिनिटांत उतरते. तेवढा वेळ १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरावर मराठीत बोलता येतं. फोन मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

आणि दहा रुपयांची वही. तारीख, झोपेचे तास, तलफ दहापैकी किती, चुकलेली गोळी: रोज चार आकडे. ओपीडीत डॉक्टर ‘झोप कशी आहे?’ विचारतात तेव्हा ‘बरी आहे’ या उत्तरावर औषध बदलता येत नाही; ‘गेल्या आठवड्यात पाच रात्री ३ तास’ म्हटलं की येतं.