ऑटोमॅटिक लाइफ जॅकेट: वर्षभराच्या वापरानंतर, आणि एका पट्ट्याबद्दल जरा जास्तच

१५० न्यूटनची तरंगशक्ती, जॅकेट फुगवणारा ३३ ग्रॅम वायूचा सिलिंडर वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सांगत बसत नाही. सॉलेंटमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या सामुद्रधुनीत, छोटी शिडाची बोट चालवतो. परवा बोटीच्या लॉकरमध्ये ठेवलेलं जॅकेट धाडकन आपोआप फुगलं. पाण्यात पडल्यावर विरघळून सिलिंडर उघडणारी आतली गोळी दमटपणानेच विरघळली. दुकानदार म्हणतो, "ओलाव्यात ठेवलंत, वॉरंटी लागू नाही." अहो, बोटीवरच्या वस्तूने कोरडं राहायचं तरी कुठे? नवी गोळी आणि सिलिंडर यांत जॅकेटच्या किमतीचा तिसरा हिस्सा गेला. एक तारा देऊन मोकळा होणार होतो.

पण एप्रिलमधलं सांगायलाच हवं. पुण्याहून मेहुणा आला होता, टिळक तलावावर पोहून तयार झालेला गडी. पाँटूनवरून, म्हणजे तरंगत्या धक्क्यावरून, बोटीत पाय टाकताना मधल्या फटीतून थेट पाण्यात. पाणी जेमतेम दहा अंश. अशा पाण्यात पडलं की माणूस आधी मोठा आ करून श्वास ओढतो. तो थांबवता येत नाही, आणि तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जातं. मग धाप. अंग गारठून शुद्ध हरपायला बराच वेळ लागतो. घात होतो तो या पहिल्या मिनिट-दीड मिनिटात, पट्टीच्या पोहणाऱ्याचासुद्धा. लॉकरमधलं जॅकेट तेव्हा अंगात घालणार कोण? याच्या अंगात होतं, काही सेकंदांत फुगलं. "दाजी, श्वासच सापडेना," एवढंच तो नंतर म्हणाला.

म्हणून एकाचे तीन तारे. उरलेले दोन मांडीखालून जाणाऱ्या पट्ट्यापायी गेले. तो खोक्यात येतच नाही! माझ्या जॅकेटला मी वेगळा घेऊन लावलाय, पाहुण्यांच्या जॅकेटला नव्हता. फुगल्याबरोबर ते मेहुण्याच्या कानांपर्यंत चढलं, हनुवटी आत. दोन्ही हातांनी तो ते खाली ओढून धरत होता, आणि शिडी धरायला तेच हात हवे होते. बोटं तर बघता बघता बधिर होतात. दोन हात नवार आणि एक बकल, त्याचे वेगळे पैसे? शिट्टी मात्र फुकट देतात.

नवीन घेणाऱ्यांनी गोळीवालं घेऊ नये. हायड्रोस्टॅटिक घ्या, ते पाण्याच्या दाबाने उघडतं, दमटपणाने नाही. त्याचं किट आणखी महाग आहे, पण लॉकरमध्ये धडाका तरी होणार नाही. सिलिंडर अधूनमधून हाताने फिरवून घट्ट आहे ना बघा, सैल होतो. पट्ट्याबद्दल कंपनीला ईमेल केलाय. उत्तरात सवलतीचं कूपन आलंय, टोपीवर.