लष्कर भागातील एका कॅथलिक शाळेची प्रवेशप्रक्रिया

मुलीच्या आठवीच्या प्रवेशासाठी पुणे लष्कर भागातील एका कॅथलिक माध्यमिक शाळेत अर्ज केला, त्या व्यवस्थेविषयी हा अभिप्राय. अर्ज ऑनलाइन भरला तरी जन्मदाखला, आधीच्या शाळेची गुणपत्रिका आणि कॅथलिक कुटुंबांसाठी बाप्तिस्म्याचा दाखला व धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांचे पत्र, हे सारे मूळ स्वरूपात खिडकीवर दाखवावेच लागते, आणि संकेतस्थळावरील यादी अपुरी असल्याने अनेक पालकांना पुन्हा हेलपाटा पडतो. खिडकीवरच्या बाई मात्र न वैतागता सगळे समजावून सांगतात (आमच्या सोसायटीच्या कार्यालयात हे सुख नाही). पहिलीसाठी आलेले काही पालक शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांची चौकशी करत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अशा अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू होत नाही, एवढे फलकावर लिहिले असते तरी त्यांची रांग वाचली असती. शुल्काचा तपशील लेखी मिळाला आणि देणगीचा विषय कोणी काढला नाही, ही जमेची बाजू. प्रतीक्षायादीतील क्रम मात्र जाहीर न करता ‘फोन येईल’ एवढेच सांगितले जाते, आणि इतर शाळांची मुदत संपत असताना ते फार खटकते.