चार्ट दिसायला झकास, पण याकोबांचा घोळ

संडे स्कूलच्या पोरांसाठी हा 'येशूचे नातेवाईक आणि पहिले शिष्य' वाला भिंतीवरचा चार्ट ऑनलाइन मागवला. लॅमिनेशन मस्त आहे, अक्षर मोठं, मागच्या बाकावरनंही वाचता येतं. गालीलच्या समुद्राचं चित्र तर एक नंबर, जब्दी होडीत मजुरांसोबत बसलाय आणि त्याची पोरं याकोब, योहान जाळी सोडून निघालेत, पोरं तिथंच अडकली, "बापाला एकट्यालाच सोडलं?" म्हणे. पेत्राची तापाने पडलेली सासू पण दाखवलीय, म्हणजे पेत्र लग्नाचा होता हे अर्ध्या वर्गाला पहिल्यांदा कळलं 😄

आता घोळ ऐका. अल्फीचा मुलगा याकोब (बारा शिष्यांतला दुसरा याकोब) आणि प्रभूचा, म्हणजे येशूचा, भाऊ याकोब सरळ एकाच चौकटीत टाकलेत! अहो काही लोक तसं मानतात, पण शुभवर्तमानात कुठे लिहिलंय तसं? मार्क 6:3 मधे याकोब, योसे, यहूदा, शिमोन अशी चार भावांची नावं आहेत, बहिणी पण आहेत पण बिननावाच्या, तर यांनी बहिणी गाळूनच टाकल्या. आणि सलोमेला (क्रुसाजवळच्या बायकांतली एक) बिनधास्त येशूची आई मरीयेची बहीण करून टाकलंय, योहान 19:25 मधे नुसतं "आईची बहीण" आहे, नाव कुठंय?

कॅथलिक लोक ते भाऊ म्हणजे चुलत-मावसभाऊ धरतात, त्यावर एक ओळ टाकली असती तर बरं झालं असतं, आमच्याकडे दोन्हीकडची पोरं येतात.

विक्रेत्याला मेसेज टाकला, उत्तर आलं "साइज एक्सचेंज होईल". साइजचं काय करू 🙄 शेवटी स्केचपेनने त्या दोन याकोबांच्या मधे रेघ मारली, लॅमिनेशनवर तीही पुसली जाते. तीन स्टार.