मेटा टॅगवर पैसे घालायचे का? कुठला टॅग कामाचा, कुठला नुसताच नावाला

समजा तुमचा गुहागरला चार खोल्यांचा होमस्टे आहे, वेबसाइट आहे, आणि एसइओवाल्याने (साइट गुगलमध्ये वर आणून देणाऱ्याने) कोटेशन पाठवलंय ज्यात 'मेटा टॅग ऑप्टिमायझेशन' अशी एक ओळ आणि पुढे चांगली घसघशीत रक्कम. मेटा टॅग म्हणजे पेजच्या कोडमध्ये सर्च इंजिन आणि ब्राउझरसाठी लिहिलेल्या माहितीच्या ओळी. मग तुम्ही नेटवर शोधता तर अर्धे लोक म्हणतात मेटा टॅग कधीच मेले आणि अर्धे म्हणतात त्याशिवाय रँकच येत नाही. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या टॅगबद्दल बोलतायत. म्हणून सरसकट 'मेटा टॅग' न म्हणता एकेक बाजूबाजूला ठेवून बघू.

आधी कीवर्ड्स टॅग, म्हणजे पेजसाठीच्या शोधशब्दांची यादी, निकालात काढू. नव्वदच्या दशकात आल्टाव्हिस्टा वगैरे सर्च इंजिनं हा वाचायची, मग लोकांनी त्यात वाट्टेल ते शब्द कोंबायला सुरुवात केली आणि त्याची पार रया गेली. गुगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीरच केलं की रँकिंगसाठी आम्ही हा बघत नाही. तरी अजून पॅकेजमध्ये 'प्रत्येक पेजला १५ कीवर्ड्स' विकणारे आहेत. त्याचा एकच उपयोग, शेजारच्या होमस्टेवाल्याने तुमच्या साइटचा सोर्स (कोड) उघडला तर तुम्ही कशाकशावर डोळा ठेवून आहात ते त्याला फुकटात कळतं.

खरी तुलना टायटल आणि डिस्क्रिप्शनची. तसं बघायला गेलं तर टायटल हा मेटा टॅग नाहीच, पण एसइओच्या प्लगइनमध्ये (साइटला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन्ही रकाने एकाखाली एक असतात म्हणून सगळे एकत्रच धरतात. फरक मोठा आहे. टायटल रँकिंगमध्ये धरलं जातं आणि रिझल्टमध्ये निळ्या अक्षरात तेच दिसतं, निदान बहुतेक वेळा. २०२१ मध्ये गुगलने स्वतःच टायटलं बदलून दाखवायला लागल्यावर बरीच बोंबाबोंब झाली होती, तेव्हा त्यांनीच सांगितलं की साधारण ८७ टक्के वेळा साइटवाल्याने लिहिलेलं टायटलच वापरलं जातं. डिस्क्रिप्शन, म्हणजे टायटलखालची छोटी माहिती, मात्र रँकिंगमध्ये मोजतच नाहीत, आणि दाखवायचं की नाही तेही गुगल शोधणाऱ्याच्या शब्दांवरून ठरवतं, नाही पटलं तर पेजमधलीच एखादी ओळ उचलतं. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलने ही जागा जवळजवळ दुप्पट केली, लोकांनी घाईघाईने लांबलचक डिस्क्रिप्शन लिहून काढली आणि मे २०१८ मध्ये जागा परत होती तेवढी! तेव्हा प्रत्येक नवीन बातमीला साइटभर डिस्क्रिप्शन बदलत बसू नका.

आता टायटलच्या या दोन ओळी बघा. पहिली: 'होम – आपले सहर्ष स्वागत आहे'. दुसरी: 'गुहागर बीचजवळ होमस्टे – ४ खोल्या, घरगुती जेवण'. पहिलीत गावाचं नाव नाही, धंदा कसला ते नाही, आणि कोणीही माणूस 'सहर्ष स्वागत' शोधत फिरत नाही. एवढा एक बदल हा त्या सगळ्या पॅकेजमधला सगळ्यात किमतीचा भाग आहे आणि तो तुम्हाला स्वतःला चहा पिता पिता करता येतो.

मराठी साइटवाल्यांसाठी यात दोन गोष्टी जास्तीच्या. एक म्हणजे पेज मराठीत आणि टायटल रोमन लिपीत असं करू नका, २०२२ पासून गुगल असं दिसलं तर पेजच्या लिपीत स्वतःच टायटल बनवून टाकू शकतं, आणि ते तुमच्या मनासारखं असेलच असं नाही. मुंबई-पुण्याची मंडळी इंग्लिशमध्ये टाइप करतात हे खरं, पण मग त्यांच्यासाठी इंग्लिश पेज वेगळं करा. दुसरं म्हणजे प्लगइनचा तो लाल-हिरवा अक्षरमोजणीचा पट्टा. 'स्त्री' हे डोळ्याला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मोजणीत, ते सहा. त्यामुळे मराठी ओळ व्यवस्थित मावत असतानाही पट्टा लाल होतो. गुगल स्क्रीनवरच्या रुंदीवरून कापतं, आकड्यावरून नाही, म्हणून गावाचं नाव आणि कामाची गोष्ट सुरुवातीला ठेवा आणि पट्ट्याकडे दुर्लक्ष करा.

डिस्क्रिप्शन हाताने लिहायचं की सोडून द्यायचं? माझं मत, होमपेज, खोल्या, दर आणि कसं यायचं एवढ्यांचं हाताने लिहा, दोनच वाक्यं, त्यात समुद्र किती अंतरावर, जेवण व्हेज का नॉनव्हेज असलं खरं काहीतरी. बाकीची पानं रिकामी ठेवली तरी बिघडत नाही. सगळ्या पानांना एकच डिस्क्रिप्शन चिकटवण्यापेक्षा रिकामं परवडलं.

रोबोट्स टॅगचं मात्र उलटं आहे, यातून फायदा फारसा नाही पण नुकसान प्रचंड. यात 'नोइंडेक्स' (म्हणजे हे पेज शोधात दाखवू नका) राहिलं की पेज गुगलमधून गायब. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज-रीडिंगमध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करायचा एक टिकबॉक्स असतो, साइट बनत असताना डेव्हलपर तो लावतो आणि काढायला विसरतो, मग मालक सहा महिने कंटेंट, बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक), काय काय करत बसतो. कोटेशनवर सही करण्याआधी हे बघाच. गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात आपली लिंक तपासली की लगेच कळतं. आणि एखादं पान गुगलमधून काढायचंच असेल तर ते रोबोट्स फाइलमध्ये (सर्च इंजिनांनी काय उघडू नये ते सांगणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये) ब्लॉक करू नका, कारण मग गुगल पेज उघडणारच नाही आणि आतला नोइंडेक्स त्याला दिसणारच नाही.

मग ओपन ग्राफ. फेसबुकने २०१० मध्ये आणलेले हे टॅग, लिंक शेअर केली की कुठला फोटो आणि मथळा दिसायचा ते ठरवतात, गुगल रँकिंगशी यांचा संबंध नाही, म्हणून एसइओवाले यांना शेवटच्या रांगेत बसवतात. पण होमस्टेची लिंक फिरते कुठे, तर सोसायटीच्या आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर! तिथे नुसती निळी लिंक आली तर कोण उघडतंय, आणि खोलीचा किंवा माशाच्या ताटाचा फोटो आला तर निदान चौकशी तरी होते. १२०० बाय ६३० चा एक फोटो लावा, फाइल फार जड नको. तुमच्यासारख्यांसाठी मी याला डिस्क्रिप्शनच्या वर ठेवेन.

व्ह्यूपोर्ट (पेज मोबाइलच्या रुंदीत बसवणारा) आणि कॅरेक्टर सेट (अक्षरं नीट दिसावीत म्हणून) हे दोन्ही टॅग आजकालच्या कुठल्याही थीममध्ये आपोआप येतात, त्याचे पैसे कोणी मागत असेल तर हसून सोडून द्या. 'रिव्हिजिट आफ्टर' (सर्च इंजिनने परत कधी यावं ते सांगणारा) वगैरे टॅग गुगल वाचतच नाही.

आता पैशाचं. टायटल, चार डिस्क्रिप्शन, एक फोटो, एक टिकबॉक्स, हे सगळं एका दुपारचं काम आहे. साइट दुकानाची असेल, हजारभर प्रॉडक्ट असतील, तर टायटलचा साचा नीट बसवून घ्यायला माणूस लावा, तिथे पैसे वसूल होतात. चार खोल्यांसाठी नाही. नकाशात वर दिसायचं असेल तर ते गुगल बिझनेस प्रोफाइल (गुगलवरची तुमच्या धंद्याची नोंद), फोटो आणि रिव्ह्यूवर चालतं, तिथे मेटा टॅग कितीही घासले तरी उपयोग नाही. तरीही एजन्सी लावायचीच असेल तर त्यांना एवढंच सांगा की कुठल्या पानाचं टायटल आत्ता काय आहे आणि तुम्ही काय करणार ते आधी लिहून पाठवा, आणि कीवर्ड्सची ओळ कोटेशनमधून काढून टाका.