११० च्या स्टिकरखाली २२० ची कॉइल: ७१,२७२ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये मेंटेनन्स माझ्याकडे आहे. व्हीसीबीची (फॉल्ट झाला की वीज तोडणाऱ्या व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरची) ट्रिप कॉइल, म्हणजे ब्रेकर पाडणारी कॉइल, जळाली, म्हणून एका रिपेअरिंगवाल्याला बोलावलं. दोन कॉइल १९,०००, स्प्रिंग चार्जिंग मोटर २१,०००, ऑक्झिलरी स्विच ८,४००, मजुरी १२,०००, वर जीएसटी १०,८७२. सगळा माल म्हणे 'कंपनीचा, नवा कोरा'. जुने पार्ट तो घेऊन गेला. तुम्ही नेऊ देऊ नका. आमचे आता दुसऱ्या कुणाच्या पॅनेलमध्ये 'नवे' म्हणून बसले असतील.

कॉइल हातात घेतली तेव्हा ११० व्होल्टच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. नखाने उचलला, तर खाली दुसरं स्टिकर. "साहेब, कंपनीच परत लेबल मारते." आणि मी तो कोपरा अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवला! सोलून बघायला किती वेळ लागला असता?

ट्रायलला त्याने स्प्रिंग हँडलने चार्ज केली आणि ब्रेकर लाल बटण दाबून पाडला. कॉइलला बॅटरीतून मिळणाऱ्या डीसीचा फ्यूज म्हणे सेफ्टीसाठी काढलाय. बॅटरी शेजारीच होती. टीएनसी स्विच (कॉइलमार्फत ब्रेकर पाडणारा पॅनेलवरचा स्विच) एकदा फिरवायला लावा, बटणावर समाधान मानू नका, त्यात कॉइल तपासलीच जात नाही. मला हे कळत नव्हतं असं नाही, वीस वर्षं पॅनेलवर काढली आहेत. पण शुक्रवारची सुट्टी संपत आली होती आणि मालकांचे फोनवर फोन चालू होते.

अठराव्या दिवशी केबल फॉल्ट झाला. रिलेचा फ्लॅग पडला, म्हणजे रिलेने फॉल्ट ओळखला, पण ब्रेकर जागचा हलला नाही. वरचा फीडर ट्रिप झाला, अख्खी गल्ली बंद. माणूस गेला असता! मीटर लावला तर शेजारच्या ब्रेकरच्या कॉइलपेक्षा रेझिस्टन्स जवळपास चौपट. २२० ची कॉइल. डीसी ट्रिप कॉइल रेटेड व्होल्टेजच्या ७० टक्क्यांवरही चालायला हवी, हिला मिळत होतं निम्मं, आमचं ११०. मोटरचे कार्बन ब्रशही अर्धे झिजलेले.

पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. "माल मिळाला ना? मग हे दिवाणी प्रकरण." अहो, जुना माल नवा म्हणून विकला, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मीच वाचून दाखवलं. अर्ज ठेवून घेतला, पण पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. १९३० या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, हे ऑनलाइन फसवणुकीत बसत नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं, तर धंद्यासाठी माल घेणारा कायद्याने ग्राहकच नाही. मग आम्ही जायचं कुठे? त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर नोंदणी आधीच रद्द. पैसे देण्याआधी दोन मिनिटं काढून तो नंबर टाका.

कॉइल स्टिकरसकट पिशवीत ठेवली आहे. सोमवारी चौथी खेप, पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.