राज्य तोडायचं की जिल्हा?

कृष्णाकाठाला विभागणी नवी नाही. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले. दक्षिण साताऱ्याचं १९६० मध्ये सांगली झालं.

नव्या जिल्ह्याचं काम राज्यातच उरकतं. जमीन महसूल संहितेच्या कलम ४ खाली हरकती मागवून अधिसूचना काढायची. २०१४ चा पालघर असाच झाला. अडतं ते मुख्यालय कुठे, यावर.

नव्या राज्यासाठी घटनेचं कलम ३. राष्ट्रपतींच्या शिफारशीने संसदेत विधेयक येतं, साधं बहुमत पुरतं. विधानसभेचं मत नुसतं विचारायचं. आंध्रच्या विधानसभेने विधेयक नाकारलं, तरी तेलंगण झालंच. खरी गोची पाण्याची. एकत्रित आंध्रच्या वाट्याचं कृष्णेचं ८११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आंध्रला ५१२ आणि तेलंगणला २९९ असं तात्पुरतं वाटलं. दहा वर्षांनीही वाद मिटला नव्हता. धरणाच्या दाराची चावी कुणाकडे, इथवर भांडण गेलं.

सांगली जिल्ह्यातल्या जतच्या शेतकऱ्याला कलेक्टर कचेरी लांब पडते, तिथे नवा जिल्हा उपयोगी. पण कृष्णेतून पंपांनी उपसलेलं म्हैसाळ योजनेचं पाणी शेवटच्या गावाला पोचत नसेल, तर पंपांच्या वीजबिलाचं आणि कालव्याच्या निधीचं बघायला हवं. तो निर्णय मुंबईत होतो, नव्या कलेक्टरच्या हातात नाही.